वाळूखालची पेरं

गुरुवार, पुणे

बोहरी आळीत अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपाचे एकेक मीटरचे चार तुकडे आणि चार एल्बो मागितले, तर दुकानदाराने विचारलं, "आणि नळ?" नळ नको म्हटलं. मग चौकोन जोडून पाणी जाणार कुठे, हा त्याचा प्रश्न रास्तच होता. "वाळूवर ठेवायचाय. आतली झाडं मोजायची." त्याने पाइप कापता कापता मान वर केली. "वाळू ब्रासवर मोजतात, मॅडम."

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाचं आमचं फील्डवर्क असं सुरू झालं. विषय, किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्या आणि त्यांवरच्या वनस्पती. समुद्र पुण्यापासून काही तास लांब, आणि आमच्या वर्गातले निम्मे लोक सोलापूर-लातूरकडचे. सांगलीकराने तर समुद्र एकदाच पाहिला होता, तोही शाळेच्या सहलीत, गणपतीपुळ्याला, देवळाच्या रांगेतून.

सकाळी आमच्या शिकवणाऱ्या मॅडम आम्हाला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुण्यातल्या केंद्रात घेऊन गेल्या होत्या. हे केंद्र १९५५ पासून इथे आहे. तिथल्या संग्रहात मर्यादवेलीचा वाळवलेला नमुना पाहिला. जाड कागदावर टाचलेली, तपकिरी पडलेली, बकरीच्या खुरासारखी दुभंगलेली पानं. शास्त्रीय नावातल्या 'पेस-काप्री'चा अर्थही तोच, बकरीचा पाय. फुलाचा जांभळट रंग पार उडालेला. "ही अशी लक्षात ठेवू नका," मॅडम म्हणाल्या. "तिथे ओळखायची तर फूल नसताना ओळखा."

रात्री होस्टेलवर कालनिर्णय काढून भरतीचं गणित केलं. कोकणातला हिशोब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. शनिवारी चतुर्थी, म्हणजे भरती तीनच्या सुमारास आणि ओहोटी सकाळी नऊला. अॅपमध्ये पाहिलं तर पंधरा-वीस मिनिटांचाच फरक. सांगलीकराला भरती-ओहोटीपेक्षा चतुर्थीचं पडलं होतं. त्याची संकष्टी असते.

शुक्रवार, केळशी

साडेपाचला निघालो. ताम्हिणीत दोघांना गाडी लागली, माणगावला मिसळ खाल्ली, मंडणगडच्या पुढे सगळे झोपले. प्रवासाबद्दल एवढं पुरे.

ज्यांच्याकडे उतरलो त्या काकूंचं घर नारळ-सुपारीच्या वाडीत. वाडी संपली की सुरूच्या झाडांची रांग, ती संपली की पुळण, म्हणजे वाळूचा किनारा. दुपारची भरती होती, म्हणून मोजमाप नाही, नुसतं बघायचं, असं मॅडमनी बजावलं. वह्यासुद्धा काढू दिल्या नाहीत.

माझ्या डोक्यात वाळूची टेकडी म्हणजे राजस्थानातलं कॅलेंडर होतं, उंटासकट. इथे पाहिलं तर गुडघाभर, कुठे कंबरभर उंचीचे ओबडधोबड उंचवटे, वर काटेरी, विस्कटलेली झुडपं, मध्येच प्लॅस्टिकची चप्पल. लातूरची म्हणाली, "एवढंसंच?" मॅडम काही बोलल्या नाहीत. त्यांनी वारा मोजायचं यंत्र तिच्या हातात दिलं आणि तिला जमिनीशी वाकायला सांगितलं.

आम्ही सगळेच वाकलो. उभं असताना काही कळत नव्हतं, पण नाक वाळूशी नेल्यावर दिसलं की अख्खी जमीन चालली आहे. कण उडत नव्हते, उड्या मारत होते. एक कण वीतभर उसळतो, पुढे जाऊन आदळतो, त्या आदळण्याने आणखी दोन-चार उसळतात. कोरडी वाळू अशी चालायला सेकंदाला साधारण पाच मीटरचा वारा पुरतो, आणि यंत्र सहाच्या वर दाखवत होतं. ही उड्या मारणारी रांग एका वेलीच्या पानांपाशी आली की वारा तिथे अडखळतो आणि कण खाली बसतात. पानाच्या मागे बोटभर लांबीची शेपटी तयार होते. कोपराएवढा उंचवटा होतो तो असाच, शेपटीला शेपटी जोडून.

लातूरची बराच वेळ उठली नाही. तिच्या डोळ्यांत वाळू गेली होती, हेही एक कारण.

शनिवार

सात वाजता पुळणीवर. पहिली रेषा भरतीरेषेपासून आत, किनाऱ्याला काटकोनात, साठ मीटर. दर पाच मीटरवर चौकोन ठेवायचा, आत काय आहे त्याची नोंद आणि प्रत्येकाने किती टक्के जमीन झाकली आहे त्याचा अंदाज. सोबत जमिनीचा उतार.

उतारासाठी एमरीची पद्धत, आणि ती मला फार आवडली, कारण यंत्र काहीच नाही. सारख्या उंचीच्या दोन काठ्या, सेंटिमीटरच्या खुणा केलेल्या, मध्ये दोन मीटर दोरी. एकाने समुद्राकडे उभं राहायचं, दुसऱ्याने जमिनीकडे. मागच्याने पुढच्या काठीचं टोक आणि क्षितिज एका रेषेत आणायचं. ती रेषा आपल्या काठीवर टोकाखाली जिथे पडते, तेवढा तिथला चढ. अरबी समुद्र हीच आमची लेव्हल. ओहोटी नऊच्या सुमारास असल्याने ओल्या वाळूपासून सुरुवात करता आली.

चढेपर्यंत सगळं झकास झालं. माथा ओलांडून मागच्या उतारावर गेलो आणि समुद्र दिसेना. क्षितिजच गायब! दोन काठ्या घेऊन आम्ही दोघं एकमेकांकडे बघत उभे. शेवटी सांगलीकर धावत गेला आणि काकूंच्या शेजारी बांधकाम चाललं होतं तिथल्या गवंड्याकडून पाण्याची नळी मागून आणली. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, दोन टोकं दोन काठ्यांना लावायची, पाणी दोन्हीकडे एकाच पातळीला येतं. गवंडीकाका मागोमाग आलेच, कारण नळी त्यांची होती. "बुडबुडा राहिलाय आत, असा कसा लेव्हल मिळंल?" म्हणून त्यांनीच नळी झटकून दिली. उरलेल्या रेषेचे निम्मे आकडे त्यांनी वाचले. अहवालात आभाराच्या पानावर ते आहेत, फक्त 'स्थानिक गवंडी' म्हणून. नाव घालू नका म्हणाले.

आता तिसऱ्या चौकोनाची गोष्ट. रेषेवर दहा मीटर, पहिल्या उंचवट्याच्या पायथ्याशी. मी चौकोन ठेवला, आत नुसती वाळू. 'आच्छादन ० टक्के' लिहून पुढे निघाले. मॅडम मागून आल्या, शीट पाहिली आणि विचारलं, "शून्य कशावरून?"

"दिसत नाहीये काही."

"दिसत नाहीये असं लिही मग."

त्यांनी ओंजळीने वरची वाळू बाजूला केली. दोन बोटं खाली मर्यादवेलीची पांढुरकी दांडी होती. ब्रशने तिच्या मागे मागे गेलो. एका मीटरच्या चौकोनात त्या दांडीला पाच पेरं होती आणि पाचही पेरांना मुळं फुटलेली. टोक चौकोनाच्या बाहेर, वितीभर पुढे, वाळूतून दोन कोवळी तांबूस पानं काढून बसलेलं. आदल्या आठवड्यात कधीतरी तिच्यावर वाळू आली असेल. बाकीची बहुतेक झाडं गाडली गेली की मरतात, ही गाडलेल्या प्रत्येक पेराला मुळं सोडते आणि वर येते. म्हणजे माझ्या शून्य टक्क्यांच्या चौकोनातच वाळू सगळ्यात घट्ट धरलेली होती.

मग भांडण झालं. सरळ भांडणच. सांगलीकराचं म्हणणं, पद्धत ठरलेली आहे, वरून दिसेल तेवढंच मोजायचं, नाहीतर दुसऱ्या कुणाच्या आकड्यांशी तुलना कशी करणार? माझं म्हणणं, मग आपण झाड मोजतोय की सावली? मॅडमनी दोघांनाही वेड्यात काढून शीटमध्ये एक जादा रकाना आखायला लावला: 'झाकलेली पेरं'. प्रत्येक चौकोनात एका कोपऱ्यात वीतभर पट्टीच उकरायची, मोजायची आणि पुन्हा बुजवायची. काम दुप्पट झालं. दिवसाच्या बारा चौकोनांपैकी सातांत वाळूखाली जिवंत पेरं सापडली. त्यांतल्या तिघांत वर काहीच नव्हतं.

उंचवट्यावर स्पिनिफेक्स होतं. हे गवत म्हणायचं, पण हात लावायचा तर मोज्यांशिवाय नाही. पानाची टोकं सुयांसारखी. नर आणि मादी झाडं वेगळी. मादी झाडाचा फुलोरा म्हणजे काट्यांचा चेंडू, पिकला की तुटतो आणि वाऱ्याबरोबर किनाऱ्यावर गडगडत जातो, बिया सांडत. तमिळमध्ये याला रावणाच्या मिशा म्हणतात. मागच्या उतारावर एक बुटकं लव्हाळं, मग रुई, निर्गुडी, घाणेरी. पाणी साचतं तिथे केवड्याचं रान. साठाव्या मीटरला सुरू लागले आणि एकदम सगळं थांबलं.

संध्याकाळी नमुने पिशव्यांत भरले. इथे माझी चूक, ती सांगून टाकते. लेबलं मी जेल पेनने लिहिली. पेन्सिलीने लिहा असं दहादा सांगितलेलं. ओल्या वाळूच्या पिशव्यांत सकाळपर्यंत दोन लेबलांचा निळा ढग झाला होता.

रात्री नऊनंतर चंद्र उगवला. काकूंनी सांगलीकरासाठी साबुदाण्याची खिचडी आणि सगळ्यांसाठी उकडीचे मोदक केले होते. जेवण होईतो गावातले एक कासवमित्र आले. ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी शोधायला ते पहाटे पुळणीवरून फेरी मारतात. वेळासला हे काम २००२ पासून चालू आहे, तिथून ते इकडच्या किनाऱ्यांवर पसरलं. मी वेलीबद्दल विचारलं तर म्हणाले, कासवीण वर चढते ती बहुतेक वेलीच्या पट्ट्यापर्यंत. तिथे वाळू कोरडी असते, भरती पोचत नाही. दीडेक फूट खड्डा, शंभराच्या आसपास अंडी. अंडी हलवून जाळीच्या कुंपणात पुरतात, कारण कोल्हे आणि कुत्री. "खड्डा खणताना वेलीची मुळं लागली तर ती जागा सोडते का?" मी विचारलं. ते हसले. "तिला विचारायला हवं."

रविवार

दुसरी रेषा, उटंबरच्या डोंगराच्या बाजूला, जिथे सुरूची लागवड पार भरतीरेषेजवळ आली आहे. इथे मी तयारीनिशी आले होते. सुरू मूळचा ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियाकडचा, त्याच्या सुयांच्या थराखाली काही उगवत नाही, वाळूच्या टेकडीवर सुरू लावणं चूक, असं सगळं वाचून. चौकोन ठेवला, सुयांचा थर पट्टीने मोजला, सात सेंटिमीटर. आत घाणेरीचं एक रोप, बाकी काही नाही. उकरलं तर पेरं शून्य, या वेळी खरोखरचं शून्य. पुढच्या चारही चौकोनांत तेच. समुद्राच्या बाजूला लाटांनी वाळू खाऊन फूटभर उंचीचा कडा केलेला, आणि त्यातून सुरूची मुळं लोंबत होती.

मी दुपारी काकूंना हे उत्साहाने सांगितलं. त्या नारळ सोलत होत्या. म्हणाल्या, "निसर्ग वादळात पहिले तेच पडले." ३ जून २०२० ला. "ते पडले, मग आमचे माड पडले, मग कौलं. ते नसते तर कौलं आधी गेली असती." मी गप्प. त्यांचा हिशोब वाऱ्याचा होता, माझा वाळूचा. सुरूच्या पुढे वेलीचा पट्टा सोडला असता तर दोन्ही हिशोब जमले असते, असं मला वाटतं. पण ते वाटणं मी त्यांच्या पडवीत बसून, त्यांचा नारळ खात सांगणं बरं दिसलं नसतं.

चारला परत पुळणीवर गेलो तर आमच्या पहिल्या रेषेवरून चाकांचे दोन पट्टे गेलेले. दोन खुंट्या वाळूत दाबल्या गेल्या होत्या, एका उंचवट्याचा माथा सपाट, वेली सोललेल्या. पट्ट्यांच्या मागे मागे गेलो. शेवटी मोठी पांढरी गाडी होती, ओल्या वाळूत अर्धी चाकं रुतलेली, आणि पावणेचारच्या भरतीचं पाणी टायरांना लागत होतं. नंबर एमएच १२. आमचीच गावकरी मंडळी!

सांगलीकर तापला. १९९१ च्या अधिसूचनेपासून किनाऱ्याला संरक्षण आहे, २०१९ च्या अधिसूचनेत वाळूच्या टेकड्या सीआरझेड-१ए मध्ये, म्हणजे किनारा नियमनातल्या सर्वांत संवेदनशील गटात येतात, हे सगळं त्याने एका दमात सुनावलं. गाडीवाले काका घामाघूम. "अरे बाबा, कुठे आहे टेकडी? झुडपं आहेत ती!" मला राग यायला हवा होता, पण शुक्रवारी आमच्यातलीच एक "एवढंसंच?" म्हणाली होती.

गावातून ट्रॅक्टर येईपर्यंत आम्ही सहाजणांनी फळ्या लावून गाडी ढकलली. ट्रॅक्टरवाल्याने साखळी बांधता बांधता सांगितलं की या मोसमातली ही तिसरी. सोलवटलेल्या वेलींचे फोटो, जीपीएस, सगळं घेतलं. मॅडम म्हणाल्या, हाही डेटाच आहे. चाकं गेलेली रेषा आता पावसाळ्याआधी पुन्हा मोजायची. काकूंच्या घरी त्या रात्री घावने होते आणि कुणी फारसं बोललं नाही.

सोमवार, परत

निघायच्या आधी भारजा नदीच्या मुखाशी असलेली मोठी टेकडी पाहिली. केळशीचं नाव या विषयात ज्यामुळे घेतलं जातं ती ही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे अशोक मराठे यांनी तिचा अनेक वर्षं अभ्यास केला. तिच्या थरांत खापरं, नाणी, माणसांचे अवशेष मिळाले, आणि तिची वाळू नुसत्या वाऱ्याने नाही तर समुद्राच्या एखाद्या प्रचंड लाटेने आणली असावी, असा विचार त्यांनी मांडला. १५२४ मध्ये वास्को द गामाचं आरमार दाभोळजवळ असताना समुद्र हादरल्याची पोर्तुगीज नोंद आहे. दाभोळ इथून दक्षिणेला, फार लांब नाही. लाट की वारा, यावर गाडीत माणगावपर्यंत वाद चालला. आमच्या गुडघाभर उंचवट्यांपुढे ही टेकडी म्हणजे आजोबाच, पण तिच्याही पायथ्याला तीच मर्यादवेल, खुरासारखी पानं पसरून.

ताम्हिणीत थंडी वाजली. पुण्यात पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते.

पुढचा आठवडा, पुणे

प्रयोगशाळेत वाळू धुतली, ओव्हनमध्ये वाळवली, चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवत शंभर ग्रॅमपर्यंत आणली, चाळण्यांच्या उतरंडीत टाकून शेकर पंधरा मिनिटं चालवला. प्रत्येक चाळणीत राहिलेलं वजन लिहायचं. चार दिवस दुसरं काही नाही. भरतीरेषेवरच्या वाळूत शिंपल्यांचे तुकडे होते, हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की फसफसायचे. टेकडीवरची वाळू बारीक आणि एकसारखी. वाऱ्याला जेवढं पेलतं तेवढंच तो उचलतो. कागदाखालून चुंबक फिरवला की काळे कण मिशीसारखे उभे राहायचे. लोहयुक्त खनिजांचे हे कण.

निनावी दोन पिशव्यांची चाळणी मी चोरून केली. एकीचे आकडे तिसऱ्या चौकोनाशी इतके जुळत होते की मी मॅडमकडे शीट घेऊन गेले. त्यांनी पाहिली, मान डोलावली. "असेल तिचीच." मग दोन्ही पिशव्या घेऊन त्यांनी मागच्या कुंडीत ओतल्या. मी बोलणार तेवढ्यात म्हणाल्या, "मे महिन्यात जायचंच आहे. पेन्सिल घेऊन ये."

स्पिनिफेक्सचा एक चेंडू मी आणला होता, पुळणीवर सुटा गडगडत आलेला. होस्टेलच्या खोलीत टेबलावर ठेवला. पहिल्याच रात्री पंख्याच्या वाऱ्याने तो खाली पडून खोलीभर फिरला. सकाळी झाडायला मावशी आल्या, कॉटखाली झाडू घातला आणि ओरडल्या, "अगं बाई, हे काय, साळिंदराचं पिल्लू पाळलंस काय?" मी बियांचं, वाऱ्याचं सांगायला लागले. त्यांनी झाडूने त्याला हलकेच टोचून पाहिलं. चेंडू उंबरठा ओलांडून कॉरिडॉरमध्ये गेला आणि जिन्याच्या दिशेने निघाला.